बॅटरी बदलली की फोन म्हणतो "अनोळखी पार्ट", मग हा फोन नक्की कुणाचा?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, बाबांच्या तीन वर्षं जुन्या फोनची बॅटरी त्यांनी वाशीला एका दुकानात २२०० रुपयांत बदलून घेतली, फोन व्यवस्थित चालतोय पण सेटिंगमधे सारखं येतं की हा पार्ट ओळखता येत नाही, आधी बॅटरी हेल्थ दिसायची ती पण गायब झाली. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेल्या तर तिथे सांगितलं की बाहेर उघडलेल्या सेटला आम्ही हात लावत नाही, पूर्ण सेट बदलावा लागेल, ३८ हजार. त्यांचे प्रश्न दोन आहेत. बाहेर रिपेअर करून घेणं बेकायदेशीर आहे का? आणि पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या फोनमधे काय बसवायचं हे कंपनी कशी काय ठरवते?

ताई, मी ठाण्यात नौपाड्याला २४ वर्षं रिपेअरिंगचं काम करतोय, त्याआधी दोन वर्षं लॅमिंग्टन रोडला शिकलो, प्रिंटरपासून सुरुवात केली, मग लॅपटॉप आणि आता जास्त करून मोबाईल. हा प्रश्न माझ्या काउंटरवर आठवड्यातून चार वेळा येतो आणि दोन वाक्यात उत्तर देऊन माझं स्वतःचंच समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. बेकायदेशीर नाही. स्वतःचा फोन उघडणं, कुणाकडून उघडून घेणं, त्यात दुसरा पार्ट बसवणं याला भारतात कुठल्याही कायद्याने बंदी नाही. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, तो बदलणं हा गुन्हा आहे, ते कुणी करून देतो म्हणाला तर तिथून निघा, पण बॅटरी, स्क्रीन, चार्जिंग जॅक, कॅमेरा हे सगळं तुमचं तुम्ही ठरवा. वॉरंटी हा वेगळा विषय, आणि तीन वर्षांच्या फोनला वॉरंटी होतीच कुठे?

दुसरा प्रश्न मोठा आहे. आधी तो मेसेज येतो कसा ते समजून घ्या कारण सगळं तिथेच आहे.

फोनच्या बॅटरीला वरच्या बाजूला एक छोटी पट्टी असते, आम्ही तिला बीएमएस म्हणतो. त्यावरच्या चिपमधे बॅटरी किती वेळा चार्ज झाली, क्षमता किती उरली हे साठवलेलं असतं आणि त्या बॅटरीचा सिरीयल नंबर असतो. बऱ्याच महाग फोनमधे फॅक्टरीत हा नंबर मदरबोर्डला सांगून ठेवलेला असतो. तुम्ही नवीन बॅटरी लावली की बोर्ड नंबर वाचतो, जुळला नाही की अनोळखी. सेल चांगला आहे का वाईट, ओरिजिनल आहे का डुप्लिकेट हे बऱ्याच फोनमधे तो बघतच नाही, फक्त नंबर बघतो. आणि नवीन नंबर बोर्डला सांगायचं सॉफ्टवेअर कंपनीकडे असतं, माझ्याकडे नसतं.

मला हे पहिल्यांदा नीट कधी कळलं ते सांगतो. कळव्याचे दोन भाऊ, दोघांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून एकाच मॉडेलचे फोन घेतलेले. एकाचा फोन पावसात पाण्यात पडून बोर्ड गेला, पूर्ण डेड. दुसऱ्याची स्क्रीन फुटली. मी म्हटलं काहीच प्रॉब्लेम नाही, डेड सेटची स्क्रीन याला लावू, दोघांचे पैसे वाचतील. लावली. कंपनीची ओरिजिनल स्क्रीन, त्याच मॉडेलची, एक ओरखडा नाही. फोनने सांगितलं हा पार्ट ओळखता येत नाही, आणि ऑटो ब्राइटनेस बंद पडला. त्या दिवसापासून क्वालिटीसाठी आम्ही हे करतो असं कुणी कंपनीचा माणूस म्हणाला की मला ते दोघे भाऊ आठवतात.

आमचा धंदा पहिल्यापासून डोनर बोर्डवर चालतो. डेड सेटमधून चार चांगले पार्ट निघतात, त्यावर चार चालू फोन अजून दोन-तीन वर्षं जगतात. कामवाल्या मावशी, रिक्षावाले, कॉलेजची पोरं, सगळ्यांचे फोन असेच चालतात. पार्टला नंबरचं कुलूप लावलं की डेड सेट म्हणजे नुसता कचरा, आणि चालू सेटला फक्त कंपनीचा पार्ट कंपनीच्या भावात.

मग आम्ही काय करतो? जुन्या बॅटरीची बीएमएस पट्टी कापून नवीन सेलला स्पॉट वेल्डिंग करतो, म्हणजे फोनला जुनाच नंबर दिसतो, मग प्रोग्रामर नावाच्या मशीनने सायकल काउंट, म्हणजे किती वेळा चार्ज झाली तो आकडा, शून्य करतो. स्क्रीनमधे जुन्या फ्लेक्सवरची, म्हणजे स्क्रीनला बोर्डशी जोडणाऱ्या लवचिक पट्टीवरची, बारीक चिप मायक्रोस्कोपखाली उचलून नवीन फ्लेक्सवर बसवतो. चांगला हात असलेला कारागीर करतो पण वेळ तिप्पट लागतो, आणि लिथियम सेलवर वेल्डिंग करताना जरा हात चुकला तर सेल पेटतो. माझ्याकडच्या पोराचं बोट भाजलंय, मी स्वतः पाहिलंय. सुरक्षेच्या नावाखाली लावलेल्या कुलपामुळे आज गल्लोगल्ली पोरं पेटणाऱ्या सेलवर वेल्डिंग करत बसलीयत, आणि ज्या पट्टीला कापायची गरजच नव्हती ती कापतायत. याचा मला खरंच राग येतो.

जगात हे बऱ्याच वेळा उघडं पडलंय. २०१६ मधे आयफोन ६ चं होम बटण बाहेर बदललेलं असेल तर अपडेटनंतर अख्खा फोन एरर ५३ दाखवून बंद पडायचा, फोटो, नंबर सगळं आत अडकलेलं. ऑस्ट्रेलियात यावर केस झाली आणि २०१८ मधे ॲपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला, लोकांना बाहेर रिपेअर केलं म्हणून मदत नाकारली यासाठी. २०१७ च्या डिसेंबरमधे कंपनीने मान्य केलं की जुनी बॅटरी असलेले आयफोन सॉफ्टवेअरने हळू केले जातात. कारण खरं होतं, बॅटरी थकली की फोन अचानक बंद पडतो म्हणून वेग कमी केला, पण माणसाला सांगितलंच नव्हतं. लोकांना वाटलं फोन म्हातारा झाला, नवीन घेतला, आणि लागत होती फक्त एक बॅटरी. फ्रान्सने २०२० मधे त्यासाठी अडीच कोटी युरो दंड लावला. २०२१ ला आयफोन १३ आला तेव्हा स्क्रीन बाहेर बदलली की फेस आयडीच बंद पडायचा, जगभर बोंब झाली आणि कंपनीला अपडेट देऊन ते मागे घ्यावं लागलं. म्हणजे त्याला काही तांत्रिक कारण नव्हतं, असतं तर एका अपडेटने सुटलं नसतं.

फक्त एका कंपनीला धरू नका पण. ही खोड फोनपेक्षा खूप जुनी आहे. १९२४ मधे जिनिव्हाला बल्ब बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या एकत्र बसल्या, ओस्राम होती, फिलिप्स होती, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी जोडलेल्या कंपन्या होत्या. ठरलं काय तर बल्ब १००० तासांपेक्षा जास्त टिकता कामा नये. तेव्हा दीड-दोन हजार तास टिकणारे बल्ब बनत होते. प्रत्येक कंपनीने नमुने पाठवायचे, त्यांची तपासणी व्हायची, आणि ज्याचा बल्ब ठरल्यापेक्षा जास्त टिकला त्याला दंड. फीबस कार्टेल म्हणतात त्याला, दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा मोडलं. चांगला माल बनवला म्हणून दंड, ही गोष्ट मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो. तेव्हा त्यासाठी फिलामेंट बदलावी लागायची, फॅक्टरी बदलावी लागायची. आता रात्री तुम्ही झोपलेले असताना वायफायवरून एक अपडेट आलं की झालं.

प्रिंटरवाल्यांना विचारा. ठाणे कोर्टाच्या बाजूला माझा एक जुना झेरॉक्सवाला गिऱ्हाईक आहे, तीन वर्षं टोनर रिफिल करून घ्यायचा माझ्याकडून, रिफिल साडेतीनशे रुपये आणि ओरिजिनल टोनर पाच हजारच्या वर, जेव्हा प्रिंटरच १२-१३ हजारांचा. एका सोमवारी सकाळी साडेदहाला त्याचा फोन, प्रिंटर कार्ट्रिज घेतच नाही. शनिवारी चालू होता. रात्रीत अपडेट झालेला आणि त्यानंतर बाहेरच्या चिपला नाही म्हणायला लागला. समोर वकिलांची रांग, ॲफिडेव्हिट, वकालतनामे, अकराची तारीख असलेली माणसं. तो अक्षरशः रडकुंडीला आलेला. मी दुसरा जुना प्रिंटर नेऊन दिला त्या दिवसापुरता. कार्ट्रिजमधे टोनर होता, ड्रम चांगला होता, मशीन चांगलं होतं, एकही पार्ट खराब नव्हता तरी दुकान बंद. एचपीच्या प्रिंटरचं हेच २०१६ च्या सप्टेंबरमधे जगभर एकदम झालं होतं, एका दिवसात हजारो लोकांची बाहेरची कार्ट्रिजं बंद पडली, मग ओरड झाली म्हणून कंपनीने ते कुलूप काढणारं अपडेट दिलं.

याच धंद्यातला एक निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. लेक्समार्क कंपनी अमेरिकेत टोनर स्वस्तात द्यायची पण अट घालायची की रिफिल करायचं नाही, एकदा वापरून आम्हालाच परत. एका छोट्या कंपनीने ती रिकामी कार्ट्रिजं गोळा करून, भरून विकली, तर लेक्समार्कने पेटंटचा दावा ठोकला. २०१७ मधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला, नंतर पेटंट दाखवून गिऱ्हाईकाला अडवता येणार नाही. आपल्या मंडईत भाजीवाली पण हेच मानते ना, वांगी विकल्यावर भरीत करा का भाजी करा हे सांगायला ती तुमच्या घरी येत नाही. पण कंपन्यांनी यातून धडा असा घेतला की कागदावरच्या अटीपेक्षा चिपमधली अट बरी, तिला कोर्टात उभं राहावं लागत नाही.

आता ताईंचा प्रश्न, कंपनी कशी काय ठरवते. याचं सगळ्यात चांगलं उत्तर आपल्याच देशातल्या एका केसमधे आहे आणि ती गाड्यांची आहे. २०१४ च्या ऑगस्टमधे आपल्या कॉम्पिटिशन कमिशनने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, १४ कार कंपन्यांना मिळून साधारण २५४४ कोटींचा दंड लावला. तक्रार अशी होती की गाडीचे ओरिजिनल स्पेअर पार्ट बाहेरच्या गॅरेजला मिळत नाहीत, फॉल्ट शोधायचं मशीन मिळत नाही, मॅन्युअल मिळत नाही. कंपन्या म्हणत होत्या की बाजारात इतक्या गाड्या आहेत, एवढी स्पर्धा आहे, आमची मक्तेदारी कुठे आहे? कमिशनने बघितलं ते वेगळं. गाडी घेईपर्यंत तुमच्यापुढे १४ दारं उघडी असतात, घेतल्यावर तेरा बंद होतात. तुमच्या गाडीचा बंपर दुसऱ्या कंपनीचा चालत नाही, म्हणजे त्या पार्टच्या बाजारात ती कंपनी एकटीच. बाहेरच्या गॅरेजमधे गेलात तर सरसकट वॉरंटी रद्द ही अट पण घालू नका असं त्या ऑर्डरमधे होतं. पुढे अपिलं झाली, प्रकरण बरंच लांबलं, पण तो विचार मला अजून पटतो आणि फोनला तो तसाच्या तसा लागू होतो.

वागळे इस्टेटला माझा मित्र गॅरेज चालवतो, ३० वर्षांचा हात आहे, इंजिनचा आवाज ऐकून सांगतो काय झालंय. परवा त्याच्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर आली, मोटर चालवणारा कंट्रोलर बदलायचा होता. पार्ट मिळाला, बसवला, स्कूटर चालू होईना कारण नवीन पार्टला कंपनीच्या लॉगिनने मान्यता द्यावी लागते आणि ते लॉगिन फक्त कंपनीच्या माणसाकडे. स्कूटर टेम्पोत घालून पनवेलला पाठवली, नऊ दिवस लागले. त्याच्यासारख्या माणसाचं कौशल्य खोटं पडलेलं नाही, त्याला दाराबाहेर ठेवलंय. तंत्रज्ञान पुढे गेलं आणि जुने कारागीर मागे पडले असं लोक म्हणतात तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं की शिकायला आम्ही तयार आहोत, मी वयाच्या चाळिशीत मायक्रोस्कोपखाली रिबॉलिंग, म्हणजे चिप उचलून तिच्याखालचे सोल्डरचे बारीक गोळे नव्याने बसवणं, शिकलो, पण जे लॉगिन विकतच मिळत नाही ते कुठून शिकायचं?

आणि हे फक्त गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यापुरतं पण नाही, फोन बनवणाऱ्या कंपन्यांवरही याच्यापेक्षा मोठी कंपनी बसलेली असते. २०२२ च्या ऑक्टोबरमधे गुगलला याच कमिशनकडून १३३७ कोटी ७६ लाखांचा दंड झाला तो याच कारणाने, प्ले स्टोअर हवं असेल तर बाकी ॲपचा अख्खा संच पण फोनमधे टाकूनच द्या अशी सक्ती. २०२३ मधे अपिलात पण तो दंड कायम राहिला.

कंपन्यांची बाजू पण सांगतो कारण त्यात थोडं खरं आहे. चोरी हा खरा प्रश्न आहे. ठाणे स्टेशनवर गर्दीत रोज फोन मारले जातात आणि ते पार्ट करून विकले जातात, माझ्याकडे पण लोक येतात लॉक काढून द्या म्हणून, मी हाकलतो. पार्टला नंबर असला की चोरीचा माल खपत नाही हे बरोबर आहे. पण त्यासाठी चोरीची नोंद झालेल्या फोनचे पार्ट अडवा की, सगळ्यांचे कशाला? हे जमतं, २०२४ पासून ॲपलने स्वतःच त्या दिशेने बदल केलेत, जुना ओरिजिनल पार्ट दुसऱ्या फोनमधे लावून सेट करता येतो आणि लॉक असलेल्या फोनचा पार्ट अडतो. आणि दुसरं, आमच्या लाईनमधे पण लबाडी आहे, फर्स्ट कॉपी स्क्रीन ओरिजिनल सांगून विकणारे आहेत, त्यांच्यामुळे गिऱ्हाईक घाबरून कंपनीकडे पळतं. मी माझ्याकडे तीन भाव सांगतो, कॉपीचा वेगळा, डेड सेटमधून काढलेल्या ओरिजिनलचा वेगळा, कंपनीच्या सर्व्हिस पॅकचा, म्हणजे कंपनीकडून आलेल्या नव्या ओरिजिनल पार्टचा, वेगळा, आणि बिलावर लिहून देतो. हे सगळ्यांनी केलं तर कंपनीच्या तोंडचं अर्धं कारण जाईल.

कायदा केला तर फरक पडतो का, असं बरेच जण निराश होऊन विचारतात. पडतो. टाइप सी चार्जर बघा. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून सगळ्या नवीन फोनला टाइप सी सक्तीचं केलं, त्याच्या आधीच २०२३ मधे आयफोनने पोर्ट बदलला, फक्त युरोपात नाही, जगभर. कायदा झाला ब्रसेल्समधे आणि माझ्या नौपाड्याच्या दुकानात एका केबलचा हुक कमी झाला. फ्रान्समधे २०२१ पासून काही वस्तूंवर दहापैकी मार्क छापावे लागतात, दुरुस्त करायला किती सोपी म्हणून. अमेरिकेत ओरेगन राज्याने २०२४ मधे पार्टला नंबरचं कुलूप लावण्यावरच बंदी आणणारा कायदा केला.

आपल्याकडे २०२२ च्या जुलैमधे ग्राहक मंत्रालयाने राईट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाईल, घरातली उपकरणं आणि गाड्या असे चार विभाग धरले, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनाला, पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्यांचे सर्व्हिस, वॉरंटी, पार्ट यांची माहिती एकत्र मिळते. आपल्याकडे पण मार्कांची पद्धत आणायचं काम सुरू झालंय. पण पार्ट, मॅन्युअल आणि सॉफ्टवेअर बाहेरच्या माणसाला द्याच अशी कायद्याची सक्ती मी हे लिहितोय तोपर्यंत नाही, आणि ती नसेल तोपर्यंत पोर्टलवर माहिती टाकणं हे कंपनीच्या मर्जीवर.

आता बाबांच्या फोनचं. सर्व्हिस सेंटरने तोंडी नाही म्हटलंय ना, तर परत जा आणि जॉबशीट, म्हणजे फोन घेताना ते भरतात तो कागद, मागा, त्यात नकाराचं कारण लिहून घ्या. लेखी द्यायचं म्हटलं की बऱ्याच वेळा मॅनेजर बाहेर येतो आणि ३८ हजारांचं काम कमी पैशात होऊ शकतं, माझ्या गिऱ्हाईकांच्या बाबतीत झालंय. नाहीच दिलं तर १९१५ ला फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत बोलता येतं. तिथूनही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी लागत नाही, वकील लागतोच असं नाही, ऑनलाईन भरता येते. लोक आयोगाला घाबरतात पण मुंबई ग्राहक पंचायतीसारखी ५० वर्षं जुनी संस्था आपल्या इथे आहे, मार्गदर्शन करतात.

पण त्याआधी फोन तपासा. सपाट काचेवर ठेवून कडेने नीट बघा, स्क्रीन वर उचललेली वाटली किंवा कडेला फट दिसली तर बॅटरी फुगत असू शकते, लगेच बंद करा आणि चार्जिंगला लावू नका. चार्ज होताना कोमट होणं ठीक आहे, हातात धरवत नाही इतका गरम होत असेल तर ठीक नाही. यातलं काही नसेल आणि दिवसभर चार्ज टिकत असेल तर बॅटरी चांगली आहे, त्या मेसेजकडे दुर्लक्ष करा, त्याने फोनला काही होत नाही. वाशीच्या दुकानदाराकडून बिल घेतलं नसेल तर आता जाऊन घ्या, त्यावर बॅटरीची सहा महिने गॅरंटी लिहून घ्या. आणि जुनी बॅटरी त्याच्याकडे पडली असेल तर मागून घ्या. ती आणली तर तिची पट्टी नवीन सेलला लावून मी मेसेज घालवून देईन, पण खरं सांगायचं तर बाबांना हेल्थचा आकडा बघायची सवय नसेल तर चालू बॅटरीला पुन्हा हात लावू नये असंच माझं मत आहे.